हार्वेस्टरमागे सांडलेला दाणा

सप्टेंबर सरत आला की लातूर, धाराशिव, नांदेड, परभणी, हिंगोलीकडच्या रस्त्यांवर हार्वेस्टर दिसू लागतात. पुढचे रुंद पाते सोडवून मागच्या गाड्यावर बांधलेले असते आणि केबिनमागे अंथरूण-पांघरुणाची वळकटी. यातली बरीचशी यंत्रे पंजाबात, नाभा-भादसोंकडे तयार झालेली असतात आणि चालवणारेही बहुधा पंजाब-हरियाणाचेच. आपले सोयाबीन आटोपले की ती भातपट्ट्याकडे वळतात, मार्चमध्ये गहू-हरभऱ्याला परत येतात आणि बैसाखीच्या सुमारास आपल्या गावचा गहू काढायला घरी पोहोचतात.

हार्वेस्टर आणावा की आणू नये, हा वाद आमच्या भागात आता संपल्यात जमा आहे. कापणीला माणूस मिळत नाही, मिळाला तर एकराचे गुत्ते परवडत नाही, आणि आभाळाकडे बघत थांबायची कोणाची हिंमत नाही. २०१९ च्या ऑक्टोबरमधला परतीचा पाऊस अजून सगळ्यांच्या लक्षात आहे. कापून ढीग लावलेल्या सोयाबीनला कोंब फुटले होते, आणि पुढच्या वर्षी, २०२० च्या खरिपात, पेरलेले बियाणे उगवले नाही म्हणून गावोगाव तक्रारी झाल्या. अशा वेळी चार-पाच एकर रान एका दुपारी मोकळे करून देणारे यंत्र हा शेतकऱ्याच्या घराला मोठा आधार आहे. आम्ही यंत्राच्या विरोधात नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

पण यंत्र बांधाबाहेर पडले की प्रत्येक घरात एकच वाक्य ऐकू येते, "लई सांडलं बघा." किती सांडले, असे विचारले तर कोणी पायली म्हणतो, कोणी पोते म्हणतो, कोणी नुसता हात हलवतो. ज्या घरात किराण्याच्या बिलातले पाच रुपये तपासले जातात, त्याच घरात शेतात किती धान्य राहिले याचा आकडा कोणाजवळ नसतो. हा आकडा काढणे मुळीच अवघड नाही. दहा-पंधरा मिनिटांचे काम आहे, आणि ते घरातली बाई, शाळकरी पोरगा किंवा म्हातारे आजोबा कोणीही करू शकतात.

सुतळीची चौकट

लागणारे सामान एवढेच: थोडी सुतळी, चार काड्या आणि मोजपट्टी. आधी यंत्राच्या पुढच्या पात्याची रुंदी मोजावी. आपल्याकडे येणाऱ्या मोठ्या यंत्रांची ती साधारण १२ ते १४ फूट असते. पाते १२ फुटांचे असेल तर १२ फूट लांब आणि १० इंच रुंद अशी सुतळीची चौकट करावी. १४ फुटांचे असेल तर रुंदी साडेआठ इंच ठेवावी. दोन्ही वेळा चौकटीचे क्षेत्रफळ जवळपास १० चौरस फूट भरते.

चौकट अशी लांबुळकी का, तर यंत्राच्या मागून पडणारी गुळी (विदर्भातले वाचक तिला कुटार म्हणतात) मधल्या भागात जास्त पडते, आणि तिच्यासोबत आलेला दाणाही तिथेच असतो. कडेच्या भागात फक्त पुढच्या पात्याने सांडलेला दाणा मिळतो. एक फूट बाय एक फुटाची छोटी चौकट मधोमध टाकली तर नुकसान उगाच मोठे दिसेल आणि कडेला टाकली तर उगाच कमी. म्हणून यंत्र ज्या पट्ट्यावरून गेले त्या संपूर्ण पट्ट्यावर चौकट आडवी यायला हवी.

यंत्र एक-दोन पट्टे घेऊन झाले की बांधापासून दूर, रानाच्या मध्यात चौकट ठेवावी. आतली गुळी उचलून तिथल्या तिथेच झटकावी, म्हणजे तिच्यात अडकलेला दाणा खाली पडेल. मग सुटे दाणे मोजावेत. बुडख्यांना चिकटून राहिलेल्या शेंगा आणि खाली पडलेल्या अख्ख्या शेंगा फोडून त्यातले दाणेही धरावेत. असे तीन ठिकाणी करून सरासरी काढावी.

आता गणित. क्षेत्रफळ शिकवताना वर्गातली मुले विचारतात की हे पुढे कुठे लागते. इथे लागते. एका गुंठ्यात १,०८९ चौरस फूट, ४० गुंठ्यांचा एकर, म्हणजे ४३,५६० चौरस फूट. आपल्याकडच्या सोयाबीनच्या १०० दाण्यांचे वजन साधारण १२ ग्रॅम धरू. १० चौरस फुटांच्या चौकटीत ४० दाणे सापडले, म्हणजे एका चौरस फुटात चार. एकरात १ लाख ७४ हजार दाणे झाले आणि त्यांचे वजन २१ किलोच्या आसपास. हा सगळा हिशेब लक्षात ठेवायची गरज नाही. चौकटीत जितके दाणे असतील त्याच्या निम्मे करावेत, तेवढे किलो एकरी गेले असे समजावे. ४० दाणे म्हणजे २० किलो, १०० दाणे म्हणजे ५० किलो, २०० दाणे म्हणजे एक क्विंटल.

२०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. बाजारात तो मिळतो की नाही ही वेगळी रड आहे, पण त्या भावाने धरले तर चौकटीतल्या प्रत्येक शंभर दाण्यांमागे एकरी अडीच हजारांहून जास्त रुपये मातीत गेले.

सांडण शून्यावर येत नाही. हाताने कापून खळ्यावर मळले तरी ते शून्य नसते. विळ्याच्या झटक्याने शेंग उकलते, भारे वाहताना गळते, ढिगाखाली राहते. आमचा ठोकताळा असा आहे की चौकटीत ४०-५० दाणे असतील तर यंत्र ठीक चालले आहे, पुढे जाऊ द्यावे. शंभराच्या पुढे गेले तर थांबवून बघावे.

मागे बघू नका, पुढे बघा

बहुतेक लोक यंत्राच्या मागे जाऊन उभे राहतात आणि गुळीत हात घालून बघतात. सोयाबीनच्या बाबतीत सांडणीचा मोठा वाटा यंत्राच्या पुढच्या भागातच असतो, दाणा आत जायच्या आधीच. वाळलेली शेंग नुसत्या धक्क्याने उकलते. पुढे गोल फिरणारा काट्यांचा रीळ तिला मारतो, पाते झाडाला हलवते, आणि उकललेल्या शेंगेतला दाणा थेट जमिनीवर पडतो. तो यंत्राच्या पोटात कधी गेलेलाच नसतो.

खात्री करायची असेल तर चालकाला चालू पट्ट्यात थांबवून यंत्र पंधरा-वीस फूट मागे घ्यायला सांगावे. आता तीन जागा उघड्या पडतात. पहिली, पुढचे उभे पीक. तिथे झाडाखाली जे दाणे दिसतील ते यंत्र यायच्या आधीच गळालेले आहेत, त्याचा दोष यंत्राला देऊ नये. दुसरी, उभे पीक आणि यंत्राचे पाते यांच्यामधली मोकळी जागा. इथला दाणा पुढच्या भागाने सांडलेला. तिसरी, यंत्राच्या मागची. दुसऱ्या आकड्यातून पहिला वजा केला की पुढची सांडण कळते, तिसऱ्यातून दुसरा वजा केला की मागची. वजाबाकी केल्यावर भांडायला फारसे काही उरत नाही, कारण दुरुस्ती कुठे करायची ते समोर दिसते.

पुढची सांडण कमी करायची असेल तर पहिली गोष्ट वेग. सोयाबीनमध्ये यंत्र ताशी चार-साडेचार किलोमीटरच्या आसपास चालावे. हा वेग बांधावरून मोजता येतो. शंभर फुटांवर दोन काठ्या रोवाव्यात आणि मोबाइलवर सेकंद बघावेत. शंभर फूट पार करायला २५ ते ३० सेकंद लागले तर ठीक. अठरा-वीस सेकंदांत यंत्र पुढच्या काठीशी पोहोचले तर ते पळते आहे. पळणारे पाते झाड कापण्याऐवजी त्याला ओढते, आणि शेंगा तिथेच उकलतात.

दुसरी गोष्ट उंची. सोयाबीनच्या खालच्या शेंगा जमिनीपासून तीन-चार इंचांवर असतात. पावसाने ताण दिलेल्या वर्षी झाड खुजे राहते आणि शेंग आणखी खाली लागते. पाते जरा वर धरले तर अर्ध्या शेंगा बुडख्यालाच राहतात. चालक पाते वर का धरतो? बहुतेक वेळा आपल्या रानामुळे. रानात ढेकळे, दगड, उंचसखल वरंबे असले की पाते तुटायची भीती असते, आणि ते तुटले तर त्याचा दिवस वाया जातो. कापणीआधी मोठे दगड वेचून बांधावर टाकणे हे आपले काम आहे. रुंद वरंबा-सरीवर पेरले असेल तर यंत्र वरंब्याच्या दिशेनेच चालवावे, आडवे नको.

तिसरी गोष्ट रीळ. तो यंत्राच्या चालीपेक्षा थोडाच जास्त वेगाने फिरायला हवा. कडेला उभे राहून बघितले की कळते. झाड हळूच आत झुकून पात्यावर येत असेल तर बरोबर. झाड उडत असेल, शेंगा फटफट फुटून पुढे उडताना दिसत असतील तर रीळ जोरात आहे. कापलेले झाड पुढे पडत असेल तर तो मंद आहे. पात्याची धार गेलेली असेल, एखादा दात तुटलेला असेल तर त्या रेषेत उभी किंवा ओरबाडलेली झाडे दिसतात. हे दुरून ओळखता येते आणि चालकाजवळ सुटे दात असतातच.

दिवसाच्या वेळेचाही संबंध आहे. ऑक्टोबरच्या कडक दुपारी शेंगा इतक्या कडकडीत होतात की पात्याचा स्पर्श झाला तरी उकलतात. दव असताना कापले तर झाड चिवट राहते आणि मळणी नीट होत नाही. दव उठल्यानंतरची सकाळ आणि ऊन उतरल्यावरची वेळ या दोन्ही बऱ्या. दाण्यात ओलावा १३ ते १५ टक्के असताना सोयाबीन सर्वात कमी सांडते. दाताखाली दाणा धरला असता तो दबत नाही, पण काचेसारखा तडकतही नाही, हे जुन्या माणसांचे मोजमाप त्याच्या जवळपास जाते. पीक पिवळे पडून पाने गळाली की मग यंत्राच्या वाटेकडे डोळे लावून आठ-दहा दिवस थांबणे महाग पडते. तेवढ्यात शेंगा आपोआप उकलू लागतात, आणि मग कोणाचाच इलाज चालत नाही. नंबर लवकर लावून ठेवणे हीच त्यावरची तजवीज.

उस्तादशी बोलायचे कधी

भाडे एकरावर ठरलेले असते. चालकाच्या दृष्टीने बघितले तर जितक्या लवकर एकर संपेल तितका पुढचा एकर लवकर सुरू होतो. हंगाम वीस-पंचवीस दिवसांचा. यंत्रावर कर्जाचा हप्ता आहे, घरापासून दीड-दोन हजार किलोमीटर लांब आलेला माणूस आहे, मध्ये दलालाचाही वाटा आहे. त्याने जोरात चालवले तर त्यात आश्चर्य नाही. आपला दाणा वाचावा म्हणून त्याने तोटा सोसावा, ही अपेक्षा न्यायाची नाही. म्हणून बोलणे यंत्र रानात उतरण्याआधी व्हायला हवे, आणि पैशासकट व्हायला हवे.

गेल्या खरिपात आमच्या चाचांच्या रानात आम्ही हेच केले. यंत्र आले तेव्हा चाचांनी चालकाला आधी चहा दिला. मग सांगितले, "उस्ताद, पहला पट्टा काटो, फिर जरा रुको. गिनके देखते." तो हसला, पण थांबला. चौकट टाकली. भाभीजान आणि त्यांची दोन मुले मोजायला बसली. दीडशेच्या वर दाणे निघाले. यंत्र मागे घेऊन पुन्हा मोजले तर त्यातले बहुतेक पुढच्या भागातले होते. चालक खाली उतरला, स्वतः वाकून बघितले, रीळचा वेग कमी केला, पाते खाली घेतले आणि एक गिअर कमी करून दुसरा पट्टा काढला. दुसऱ्या चौकटीत साठ दाणे होते. तो म्हणाला, "मास्टरजी, चिल्लाते सब हैं, गिनके पहली बार किसी ने दिखाया."

दीडशेवरून साठ, म्हणजे एकरी पंचेचाळीस किलोचा फरक. हमीभावाने चोवीसशे रुपयांच्या आसपास. चाचांनी सावकाश चालवण्याबद्दल ठरल्या भाड्यावर एकरी काही रक्कम आपणहून वाढवून दिली. दोघांचाही फायदा झाला. शेजारच्या रानवाल्यांनी बांधावरून सगळे बघितले होते, त्यांनीही तीच अट घालून यंत्र आपल्या रानात नेले.

एक सूचना मात्र करावीशी वाटते. यंत्राचा मालक किंवा चालक परक्या प्रांताचा आहे म्हणून त्याच्यावर सगळ्या गावाने आवाज चढवायचा, हा प्रकार आम्ही पाहिला आहे. तो मुसाफिर आहे. त्याला पाणी, सावली आणि नीट शब्द मिळायला हवेत. शिवाय आरडाओरडा केल्यावर कोणताही माणूस काम लवकर उरकून निघायच्याच मागे लागतो.

ड्रम, चाळणी, पंखा

मागून सांडत असेल तर तीन जागा बघायच्या. गुळीसोबत न फुटलेल्या शेंगा बाहेर येत असतील तर मळणीचा ड्रम मंद आहे, किंवा ड्रम आणि खालची जाळी यांच्यातले अंतर जास्त आहे, किंवा पीक ओले आहे. सुटा दाणा गुळीसोबत बाहेर येत असेल तर पंख्याचा वारा जास्त आहे, चाळणी फार मिटलेली आहे किंवा यंत्राच्या पोटात एकदम खूप माल जात आहे. शेवटच्या कारणावर उपाय पुन्हा वेग कमी करणे हाच. रानात केना किंवा दुसरे हिरवे तण माजलेले असेल तर त्याचा ओला चोथा चाळणीवर बसतो आणि दाणा त्याच्यावरून घसरत बाहेर जातो. वरून सोयाबीनला हिरवट डाग पडतात ते वेगळेच. असे तणाचे ठिगळ कापणीआधी उपटून घेतलेले बरे.

उलट बाजूही बघावी. टाकीत हात घालून मूठभर दाणे काढावेत. त्यात फुटलेली दाळ जास्त दिसली तर ड्रम फार जोरात आहे किंवा जाळी फार जवळ आहे. गहू काढून आलेले यंत्र तशाच सेटिंगवर सोयाबीनमध्ये घातले की हे हमखास होते, कारण गव्हाला ड्रमचा वेग बराच जास्त लागतो. फुटलेली दाळ शेतात सांडलेली दिसत नाही, पण मोंढ्यात आडत्याच्या हातात ती लगेच दिसते आणि भाव खाली येतो. हेही नुकसानच.

सरवा

आमच्या लहानपणी कापणी झालेल्या रानात बाया-पोरे सरवा वेचायला जायची. उर्दूत याला खोशाचीनी म्हणतात. पुढे हा शब्द दुसऱ्याच्या ज्ञानातून चार कण वेचून घेण्यासाठीही वापरात आला. ज्याच्या घरात शेत नाही त्याच्या घरात सरव्यातून दोन-चार पायल्या धान्य जायचे, आणि रानाचा मालक त्याकडे काणाडोळा करायचा. तो त्यांचा हक्कच समजला जाई.

हार्वेस्टर आल्यावर सांडण राहिली पण सरवा राहिला नाही. हाताने कापताना मागे राहते ती अख्खी शेंग, अख्खे कणीस. ते वेचता येते. यंत्रामागे राहतो तो सुटा दाणा, गुळीखाली दबलेला, ढेकळांच्या फटीत शिरलेला. दिवसभर वाकून वेचले तरी ओंजळ भरत नाही. पाऊस आला तर तो उगवतो आणि हरभऱ्यात तण होऊन बसतो. म्हणजे मालकाच्या घरात जे आले नाही ते गरिबाच्याही घरात गेले नाही. काही लोक म्हणतात, सांडू द्या, पाखरे खातील, सदका होईल. पाखराने खाल्लेल्या दाण्याचेही पुण्य मिळते, हे हदीसमध्ये आहेच. पण ते पेरणाऱ्याच्या मेहनतीबद्दल आहे. निष्काळजीपणाला सदक्याचे नाव देता येईल असे आम्हाला वाटत नाही.

सूरह अल्-अन्आमच्या १४१ व्या आयतीत या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या आहेत. पीक आले की खा, कापणीच्या दिवशी त्याचा हक्क द्या, आणि उधळपट्टी करू नका, असा त्या आयतीचा आशय आहे. कापणीचा दिवस, गरिबाचा हक्क आणि इस्राफची मनाई, तिन्ही एकाच ठिकाणी. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी खाली पडलेला घास उचलून, माती झटकून खायला सांगितले आहे. जेवणाच्या ताटाबद्दल हे आपण मुलांना शिकवतो. रानही मोठे ताटच आहे.

आता उश्रचा हिशेब या चौकटीशेजारी ठेवून बघा. पावसाच्या पाण्यावर पिकलेल्या मालात दहावा हिस्सा, विहीर-बोअरचे पाणी दिलेल्या मालात विसावा हिस्सा. (कोणत्या पिकावर, किती मालापासून, खर्च वजा होतो की नाही, याबाबत हनफी आणि शाफई मसलकांत फरक आहेत. आपल्याकडच्या आलिमांना विचारून घ्यावे.) कोरडवाहू रानात एकरी आठ क्विंटल सोयाबीन झाले तर उश्र ऐंशी किलो होतो. चौकटीत १६० दाणे सापडत असतील तर यंत्रामागेही ऐंशी किलोच पडले आहेत. उश्र काढताना आपला हात जड होतो, जावई, मुलीची फी, खताची उधारी सगळे आठवते. तेवढेच धान्य दरवर्षी मातीत जाते तेव्हा काहीच आठवत नाही.

सूरह अल्-कलममध्ये बागवाल्यांचा किस्सा आहे. गरिबांना कळायच्या आत, पहाटेच फळे तोडून आणू, असा बेत करून ते निघाले आणि बागेत पोहोचले तर बागच उरली नव्हती. हार्वेस्टर रात्री दिवे लावून येतो, तासाभरात रान साफ करतो आणि माल परस्पर मोंढ्यात जातो. यात कोणाचा वाईट बेत नसतो, पण गावातल्या विधवेला, म्हाताऱ्या खालाला कापणी कधी झाली हेच कळत नाही. चाचांच्या घरी आता अशी पद्धत केली आहे की ट्रॉली मोंढ्याकडे निघण्याआधी दोन पोती बाजूला उतरवायची आणि ती त्याच दिवशी पोहोचवायची. पोती भाभीजान मोजतात, कोणाच्या घरी जायची तेही त्याच ठरवतात, कारण कोणाच्या घरात काय कमी आहे हे त्यांना जास्त ठाऊक असते.

हरभरा, गहू, भात

रब्बीत हरभऱ्याला सुतळीची हीच चौकट चालते, फक्त दाणा जड असल्याने हिशेब बदलतो. १०० दाण्यांचे वजन २० ग्रॅम धरले तर चौकटीत जितके दाणे, जवळजवळ तितकेच किलो एकरी गेले. हरभऱ्याचे झाड बुटके आणि पसरट, घाटे खालपर्यंत लागलेले, त्यामुळे पात्याखाली बरेच राहते. यंत्राने काढायचा विचार असेल तर तो पेरणीच्या वेळीच करावा आणि उंच, सरळ वाढणारा वाण घ्यावा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा फुले विक्रम हा वाण यंत्राने काढण्याजोगा म्हणूनच दिलेला आहे.

गहू इतका उकलत नाही. तिथे चौकटीतल्या दाण्यांचा सहावा हिस्सा म्हणजे एकरी किलो. गव्हात मागची सांडण जास्त बघावी, विशेषतः काड जरा ओले असताना. भाताच्या पट्ट्यात, भंडारा-गोंदियाकडे, चिखलातही चालणारी रबरी पट्ट्यांची यंत्रे असतात. कोकणातल्या लहान खाचरांत तर यंत्र वळवतानाच कोपरे तुडवले जातात, म्हणून चारी कोपरे आधी विळ्याने कापून घेतलेले चांगले.

घरचे बियाणे

सोयाबीनचे बियाणे घरचे वापरणाऱ्यांनी मात्र सगळे रान हार्वेस्टरला देऊ नये. सोयाबीनच्या दाण्याचे टरफल फार नाजूक असते. ड्रमच्या माराने त्याला बारीक भेगा पडतात, त्या डोळ्यांना दिसत नाहीत, आणि जूनमध्ये ते बियाणे उगवत नाही. एकराला साधारण ३० किलो बियाणे लागते. म्हणजे पाच-दहा गुंठ्यांचा चांगला, एकाच वाणाचा तुकडा हाताने कापला तरी घरापुरते बियाणे होते. तो मळणी यंत्रावर सावकाश, मिनिटाला साडेतीनशे-चारशे फेऱ्यांवर मळावा, सावलीत वाळवावा, पोत्यांची थप्पी चार-पाच थरांच्या वर लावू नये आणि पोती आपटू नयेत.

मे महिन्यात उगवण तपासायची. ओल्या गोणपाटावर १०० दाणे ओळीने मांडून गुंडाळी करायची, रोज पाणी शिंपडायचे, सात-आठ दिवसांनी उघडून मोजायचे. सत्तर किंवा जास्त चांगले कोंब निघाले तर बियाणे वापरण्याजोगे. कमी निघाले तर पेरणीचे प्रमाण वाढवावे किंवा बियाणे बदलावे.

शेवटी एक छोटी गोष्ट, जी कोणी बघत नाही. यंत्र एका रानातून दुसऱ्यात जाताना त्याच्या पोटात, टाकीच्या तळाशी आणि माल ओतायच्या नळीत आधीच्या शेतकऱ्याचे काही किलो धान्य राहिलेले असते. आपल्या रानात यंत्र उतरण्यापूर्वी चालकाला ते रिकामे चालवून नळी मोकळी करायला सांगावे. निघालेला माल वेगळ्या पोत्यात भरून ज्याचा त्याला पोहोचवावा, कारण तो दुसऱ्याचा हक्क आहे. शिवाय त्यात त्याच्या रानातले तणाचे बी आणि दुसऱ्या वाणाचे दाणेही असतात. आणि आपले काम संपल्यावर यंत्र बांधाबाहेर जाण्याआधी आपल्या ट्रॉलीखाली ताडपत्री अंथरून तीच नळी पुन्हा एकदा मोकळी करून घ्यावी.